अरुंद फाटकाला दिसलेले तळे

मित्रांनो, ज्याला घर नाही आणि कुलूपही नाही, असे मी एक जुने लोखंडी फाटक आहे. एका भग्न दुर्गाच्या तटबंदीला जिथे खिंडार पडले आहे, तिथे मी उभे आहे. माझ्या एका अंगाला गुरांचे कुरण, दुसऱ्या अंगाला दाट वनराई. कुरणाच्या आरंभी ‘सोपी वाट’ अशी पाटी लावलेली आहे आणि ती खोटे बोलत नाही. ही वाट कोणालाही दमवत नाही. ती पडक्या बुरुजाच्या सावलीतून माझ्यापर्यंत येते, माझ्यातून वनात शिरते आणि झाडांखालून रमतगमत तळ्यावर जाऊन थांबते. तळ्याकाठी छप्पर हरवलेले एक प्राचीन स्नानगृह आहे आणि त्याच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. हे सारे मी ऐकीव सांगते आहे असे समजा. कारण आयुष्याचा फार मोठा काळ मी ते तळे पाहिलेलेच नव्हते.

माझी रचना आधी समजून घ्या. माझी एक बाजू खांबाला जखडलेली होती. दुसरी बाजू घोड्याच्या नालेसारख्या वाकवलेल्या एका कठड्याच्या आत होती. येणाऱ्याने त्या कठड्याच्या पोटात शिरायचे, मला स्वतःच्या अंगावरून पलीकडे ढकलायचे आणि मोकळ्या झालेल्या फटीतून निघून जायचे. माणूस असा वळसा घेऊ शकतो. लांब अंगाची गाय घेऊ शकत नाही. म्हणून वनातली कोवळी रोपे सुरक्षित राहत, आणि मी उघडे राहिले अशी तक्रार कधी कोणाला करता येत नसे. मात्र माझी स्वतःची यात्रा एवढीच होती: कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा परत. जुन्या गाड्यांच्या चाकांवरच्या लोखंडी धावा तापवून आणि ठोकून मला घडवले होते. ज्या लोखंडाने एके काळी मुलूख पालथा घातला, त्याला हातभर जागेत येरझारा घालणे नशिबी आले.

मला घडवणारा लोहार तेव्हा तरुण होता आणि त्याचे लग्न नुकतेच झाले होते. फट किती ठेवावी, याचा विचार करीत तो भट्टीपाशी बसला असताना त्याची पत्नी जेवण घेऊन आली. त्याने तिला तिथेच उभे केले आणि दोरी घेऊन तिच्या कमरेचे माप घेतले.

“शिंपी कधीपासून झालात?” तिने विचारले.

“हलू नकोस. तू जाशील एवढी वाट ठेवतो. बाकीच्यांनी आपापलं बघावं.”

त्या मापाने मी घडले. माझ्या बिजागरीचा खिळा बसवताना त्याने त्याचे डोके तापवून असे ठोकले, की खिळा आणि खांब एकजीव झाले. पेच बसवला असता तर पुढेमागे काढता आला असता, असे कोणीतरी सुचवले. जे एकदा नीट बसले ते काढायचे कशाला, असे त्याचे उत्तर होते. तारुण्यात माणसे असे बोलतात, आणि लोखंडाला ते निमूटपणे पाळावे लागते.

मित्रांनो, माझी स्तुती पुष्कळ झाली. फिरायला येणारे माझ्या घडणीवरून हात फिरवीत. माझ्यात अडकणारेही होते. एकदा एक भारदस्त गृहस्थ छत्री, पिशवी आणि जावई यांच्यासह एकदमच आत शिरले, आणि कोणी आधी बाहेर पडायचे याचा निर्णय होईपर्यंत मागे लोकांची रांग लागली. प्रत्येकाला क्षणभर कोंडून मी सोडून देत असे. मी मात्र कोंडलेलेच राही.

भट्टी थंड झाली की लोहार आणि त्याची पत्नी रोज या वाटेने तळ्यावर जात. तो आधी पलीकडे जाई आणि मला हाताने धरून ठेवी, म्हणजे तिला माझा धक्का लागत नसे. वर्षे गेली. तिचे अंग भरत गेले, आणि ती माझ्यातून निघताना म्हणू लागली, “तुमचं फाटक आटत चाललंय बरं का.” तो गंभीरपणे सांगे की लोखंडच ते, हवेने कमीजास्त व्हायचेच. परतताना तिची पावले ओली असत. स्नानगृहाच्या शेवटच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे, हे तिचे दिवसाकाठचे एकमेव सुख होते. ती ओली पावले माझ्याखालच्या दगडावर उमटत आणि वाळून जात. तळ्याचा तेवढाच अंश माझ्या वाट्याला येई.

पुढे लोहाराने काम सोडले. माझा रंग उडाला, सांध्यांत गंज शिरला. एका ऋतूत ती दोघे आलीच नाहीत. नंतर आली, तेव्हा ती चाकांच्या खुर्चीत होती आणि तो ती खुर्ची ढकलीत होता. तिच्या पायांतले बळ गेले होते.

कुरणातली वाट सपाट असल्याने खुर्ची माझ्यापर्यंत सहज आली आणि कठड्याला अडली. त्याने ती आडवी करून पाहिली, तिरपी करून पाहिली. चाके माझ्या गजांवर आपटली. खुर्ची अर्धीही आत येईना. तेवढ्यात वनरक्षक आला. तो या दोघांना काका-काकू म्हणत असे. काकूंना उचलून पलीकडे नेऊ का, असे त्याने आदराने विचारले.

“नको रे बाबा,” ती म्हणाली. “उचलून ठेवायला मी अजून सामान झालेली नाही.”

तेव्हापासून ती रोज माझ्यापर्यंत येई आणि माझ्यापाशीच थांबे. तुम्ही तरी जाऊन या, असा तिचा आग्रह असे. तो जाई, आणि आल्यावर ती त्याला विचारी की काय दिसले. मीही कान देऊन ऐके. कारण आता तिची आणि माझी भूक एकच होती. परंतु तो पडला घणाशी बोलणारा माणूस.

“पाणी होतं,” तो सांगे.

“कसं होतं?”

“ओलं.”

पहिले काही दिवस ती खळखळून हसली. मग नुसतीच हसली. मग तिने विचारणेच सोडले. झाडांच्या आड, तिला आणि मला न दिसणाऱ्या ठिकाणी, ते तळे होते एवढेच आम्हा दोघींना ठाऊक होते. हो, दोघींनाच म्हणते. त्या दिवसांत तिच्यात आणि माझ्यात फारसे अंतर उरले नव्हते.

एका संध्याकाळी तो निघण्यासाठी मला ढकलणार, तोच ती हळूच बोलली.

“अहो, रागावू नका. पण तुम्ही गेलात की हे फाटक खट्कन लागतं. आणि मला वाटतं, तुम्ही मला आत कोंडून गेलात.”

तो त्या दिवशी तळ्यावर गेला नाही. माझ्या बिजागरीवर, स्वतः ठोकलेल्या त्या खिळ्याच्या डोक्यावर तळहात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. हे माप ज्या दोरीने घेतले होते, तिचे स्मरण त्याला झाले असावे.

दुसऱ्या दिवशी त्याने वनरक्षकाला गाठले आणि मला तोडून रुंद करण्याची परवानगी मागितली. वनरक्षक संकोचला. लोक आता हे फाटकही दुर्गाच्या अवशेषांतच धरतात, असे तो म्हणाला.

“मी जिवंत असताना माझं काम अवशेष कसं होईल?” लोहाराने विचारले.

वनरक्षकाने वरिष्ठांशी बोलून होकार आणला; पण एक अट सांगितली. कठडा काढला की फाटक आपोआप बंद राहणार नाही. ते लावून घेणे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या हातात राहील. “एकदा जरी गुरं आत शिरून रोपं खाल्ली, काका, तर मला हे पुन्हा अरुंद करावं लागेल.”

थंडावलेली भट्टी पुन्हा पेटली. ते सारे मी नंतर अनुभवले. आधी मला खांबापासून सुटायचे होते. लोहार आता म्हातारा झाला होता. छिन्नीवरचा पहिला घाव चुकून तटबंदीच्या दगडावर बसला. वनरक्षकाने हातोडा मागितला, पण त्याने दिला नाही. आपल्या तारुण्याने घट्ट केलेली गाठ त्याला स्वतःच्याच हातांनी सोडवायची होती. घावामागून घाव बसले, खिळ्याचे डोके उडाले आणि मी आयुष्यात प्रथमच जमिनीवर आडवे झाले.

भट्टीपाशी त्याने खुर्चीचे माप घ्यायला दोरी काढली. ती भात्याच्या दांड्याला हात घालून शेजारीच बसली होती.

“या वेळी थोडं सैल धरा,” ती म्हणाली.

“धरतो. तुझा काय भरवसा?”

कितीतरी दिवसांनी ती पूर्वीसारखी हसली.

मला वाढवायला लोखंड कुठून आणले, सांगू? ज्या कठड्याने मला जन्मभर कोंडले होते, तोच तापवून त्याने सरळ केला आणि माझ्या अंगाला जोडला. माझा पिंजराच माझी लांबी झाला. मग मला पुन्हा खांबावर चढवले. या वेळी खिळ्याचे डोके त्याने ठोकले नाही. वर पेच बसवला. पुढे कोणाला बदल करावासा वाटला, तर त्याला माझ्याशी भांडावे लागू नये, असे तो वनरक्षकाला म्हणाला.

मला प्रथम तिनेच उघडले, खुर्चीत बसून, दोन्ही हातांनी ढकलून. मी वळू लागले. जिथे कठडा होता ती जागा आली, आणि सवयीने मी धक्क्याची वाट पाहिली. धक्का बसला नाही. मी पुढे गेले, तटबंदीच्या कोपऱ्याच्याही पलीकडे गेले, आणि तिथे दोन खोडांच्या मधून मला ते दिसले. पाण्याचा ओंजळभर पट्टा होता. त्यावर उन्हाचे तुकडे हलत होते आणि एका मोडक्या कमानीचे प्रतिबिंब थरथरत होते. ते ओले होते, हे मात्र लोहाराने अगदी खरे सांगितले होते.

मित्रांनो, मी आजही खांबाला बांधलेलेच आहे. बंद असले की समोर तटबंदीचा दगड दिसतो. अर्धवट उघडले तरी तोच. चालत येणारी माणसे मला हातभर सरकवून निघून जातात. मी पूर्ण उघडते ते फक्त खुर्ची जाताना, आणि तेवढाच वेळ मला तळे दिसते. ती बाई नेमकी माझ्या मधोमध आली की म्हणते, “थांबा जरा, श्वास घेते.” खुर्ची तर तो ढकलीत असतो. तिला दम कशाने लागतो, हे तो विचारत नाही, आणि तेवढा वेळ मी तळे पाहून घेते.

या वाटेने कधी आलात, तर माझ्या बिजागरीला तेलाचे दोन थेंब घाला. उद्या तुम्ही काही घडवाल, तेव्हा जो धडधाकट आहे त्याच्याच मापाने घडवू नका. आणि पलीकडे गेलात की मागे वळून मला नीट लावून घ्या. त्याने माझ्यापुढे पुन्हा दगड येतो, याचे वाईट वाटू देऊ नका. आज मी नीट लागले, तरच उद्या तिच्यासाठी पुरते उघडेन.