परकराची गाठ

"उठा. आता वाका. आता बसा," निर्मला सिस्टर म्हणत गेली आणि अनुसयाबाई मुकाट्याने उठत, वाकत, खुर्चीवर बसत गेली. मग सिस्टरने तिच्या बेंबीच्या उजवीकडे निळ्या पेनाने ठिपका काढला.

"काकू, घरी परकराची गाठ या ठिपक्याच्या वरच्या बाजूला येते ना?"

"हां, तठेच."

"नीट सांगा. उद्या मूत्राशय काढलं की लघवी इथून बाहेर पिशवीत येणार. जन्मभर. गाठ पिशवीवर आली तर पिशवी सुटेल. मग ही जागा सहजासहजी बदलता येत नाही."

"ठेव ना बाई, कठेबी."

नवरा, चुनीलाल, खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर नुसती भिंत होती.

निर्मला नवापूरची. सुरतेच्या या दवाखान्यात आपल्याकडची तेवढी एक, म्हणून अनुसयाबाई तिचं ऐकायची. पण मन कधीच आवरतं घेतलं होतं. म्हसावदहून निघताना तिने मिथुनच्या बायकोला, सून दामिनीला, लोणच्याचं प्रमाण सांगून टाकलं होतं. सख्ख्या जावेलाही कधी न सांगितलेलं. दामिनी रडायला लागली, तेव्हा "मोहरी भाजू नको" एवढंच बजावलं. परत यायचं असलेली बाई असं सगळं देऊन निघते का?

सिस्टरने पिशवीत पाणी भरलं आणि ठिपक्यावर चिकटवली.

"संध्याकाळपर्यंत हिला घेऊन वावरा. सवय होईल."

पोटाला बेडूक चिकटल्यासारखं वाटलं. अनुसयाबाई पलंगावर आडवी झाली ती दुपारपर्यंत हललीच नाही. बेडूक जागा होईल म्हणून श्वासही हळू घेत होती.

दुपारी चुनीलाल फोन ठेवून आत आला.

"मिथुननी माय, लोणचं बिघडनं. वर बुरशी वनी म्हणे."

"मोहरी भाजी व्हई तिनी."

"नही भाजी. तू सांगं तसंच करं, म्हणस ती."

अनुसयाबाईने मनातल्या मनात प्रमाण पुन्हा मोजलं. मीठ सांगितलं, मेथी सांगितली, हिंग सांगितला. फोडी किती सुकू द्यायच्या, ते राहिलंच. पण सांगणार तरी काय? ते बोटांनाच कळतं. ओट्यावर उकिडवं बसायचं, फोड दाबून बघायची...

ती उठली. पलंगाचा पाय धरून फरशीवर उकिडवी बसली.

"काय करी ऱ्हायनी तू? पडशी ना!"

परक्या पुरुषांसमोर उघडं दिसू नये म्हणून तिने इथे आल्यापासून परकर पार छातीखाली नेऊन बांधला होता. तिने गाठ सोडली, घरच्यासारखी खाली ओढली, आवळली. गाठ बरोबर पिशवीवर आली. मांडी पोटाशी दाबली, पिशवी सुटली आणि पाण्याची धार फरशीवर पसरली.

"आरे देवा," चुनीलाल म्हणाला आणि खांद्यावरचा रुमाल घेऊन खाली वाकला.

"पुसू नका. पहिले नर्सबाईले बलावा."

निर्मला आली तरी अनुसयाबाई तशीच बसलेली.

"सकाळी तर कुठंही ठेव म्हणालात."

"सकाळनं सोड." तिने गाठीवर बोट टेकवलं. "मी आठे बांधस. कैऱ्या फोडतांना."

सिस्टरने स्पिरिटच्या बोळ्याने जुना ठिपका पुसला आणि पेनाचं टोपण काढलं.

"बसून राहा तशाच."

"बठेल शे," अनुसयाबाई म्हणाली.