चाळीस कॅसेट, एक सीडी

काकांना मी जे म्हटलं ते थट्टेत म्हटलं होतं, हे आधीच सांगून टाकते. त्याने माझा गुन्हा कमी होत नाही, पण निदान मी दुष्ट नव्हते एवढं तरी कळेल. मूर्ख होते.

दोन हजार चार साली, अकरावीत, सरकारी योजनेतून मला कॉम्प्युटर मिळाला. पेडण्यातल्या आमच्या वाड्यावरचा, म्हणजे वस्तीतला, तो तिसरा की चौथा, आणि मला आकाश ठेंगणं झालं. घरात भजनांच्या, आरत्यांच्या चाळीस कॅसेट बुरशी धरत पडल्या होत्या. दिवाळीच्या सुटीत मी टेपरेकॉर्डर वायरीने कॉम्प्युटरला जोडला आणि एकेक कॅसेट आत उतरवली. सगळ्या एकाच सीडीवर बसवायच्या, हा माझा हट्ट. बसेनात, म्हणून आवाजाचा दर्जा कमी करत गेले, आणि अगदी खालच्या आकड्यावर चाळीसच्या चाळीस बसल्या. कॉम्प्युटरची डिस्क भरली होती, तेव्हा मूळच्या मोठ्या फाइली पुसल्या. कॅसेटची पिशवी भंगारवाल्याच्या गाड्यावर मीच नेऊन ठेवली. आई ठेवायला सांगत होती, "एक-दोन तरी दवर गो." मी तिलाच चार शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या.

त्या चाळिसांत एक आमच्या घरच्या चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आरतीची होती. घुमटावर, म्हणजे कातडं लावलेल्या मातीच्या घटावर, कृष्णनाथकाका आणि कासाळ्यांवर माझे बाबा, सखाराम. कासाळी म्हणजे पितळेच्या जाड झांजा. बाबा त्या अशा वाजवत की घुमटाला उत्तर द्यावंच लागे. मी नऊ वर्षांची असताना ते गेले. ते कधी गात नसत, त्यामुळे त्यांचा म्हणून आवाज घरात उरला तो एवढाच. काकांनी लग्न केलं नाही. धाकटा भाऊ गेल्यापासून रोज संध्याकाळी ते ती कॅसेट लावत. आता ती आरती माझ्या कॉम्प्युटरमध्ये गेली, म्हणून साडेसहा वाजले की ते स्टूल घेऊन माझ्या खोलीत येऊ लागले.

पहिल्याच दिवशी त्यांनी दोनदा ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"घुमट आयकूंक येता. पुण सखारामाचीं कासाळीं खंय गेलीं गो?"

"काका, तुजे कान म्हातारे जाले," मी म्हणाले.

दारातून आई हसली, मीही हसले. काकांनी कानात करंगळी घालून हलवली आणि पुन्हा लावायला सांगितलं. बास, तेवढंच झालं.

तीन वर्षांनी म्हापशाच्या कॉलेजात सरांनी आम्हाला शिकवलं की फाइल लहान करताना प्रोग्राम वरचे, बारीक आवाज आधी फेकून देतो. उदाहरण म्हणून त्यांनी झांज ऐकवली. आधी खणखणीत, मग नुसती सळसळ, कुणी वाळूवर केरसुणी फिरवावी तशी. वर्ग हसला. ती सळसळ मी रोज साडेसहाला ऐकत होते. बाबांना मी भंगारात देऊन आले होते.

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. बसमध्ये पेडण्यापर्यंत वाक्य जुळवत आले. घरी काका आधीच स्टुलावर बसले होते, कान स्पीकरला टेकवून. "मातशें मोठें कर गो बाये." मी आवाज वाढवला, तर सळसळ वाढली. त्या चेहऱ्याकडे बघून माझी जीभ रेटेना. दुसऱ्या दिवशीही नाही. मग मला माझ्याच खोलीची भीती बसली. कॉलेजातून उशिरा येऊन बघितलं, डोकं दुखतंय म्हणून बघितलं, पण काका थांबून राहत. वीज गेली की मला देव भेटल्यासारखं होई.

पुढच्या चवथीआधी आईने मला काकांबरोबर कानाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर म्हणाले, वरचे सूर थोडे कमी ऐकू येतात, पण वयाच्या मानाने कान उत्तम आहेत. काकांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. "म्हणजे गेलेच," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेजारच्या खुर्चीत होते. तोंड उघडलं आणि म्हणाले, "चल काका, बस चुकतली."

चवथीला आठवडा उरला तेव्हा काकांनी घुमट पुसून दाराबाहेरच्या सोप्यावर आणलं आणि शेजारच्या गोकुळदासला बोलावलं. चाळीस वर्षं वाड्याची आरती काकांच्या घुमटावर चालली होती.

"ज्याका कासाळीं आयकूंक येनात, ताणें घुमटाक हात लावचो न्हय," काका म्हणाले आणि घुमट त्याच्या हातात दिलं. गोकुळदास बिचारा ते कुठे धरावं हे न कळून उभाच राहिला.

"काका, तुजे कान बरे आसात," मी म्हणाले. मग सगळं बाहेर पडलं. एकच सीडी, खालचा आकडा, सरांनी ऐकवलेली झांज, सगळं. मी रडत होते आणि मला हलकंही वाटत होतं, हे कबूल करते. वाटलं, आता ते मला दोन थोबाडीत देतील आणि घुमट परत घेतील.

"मागीर ती कॅसेट?" त्यांनी विचारलं.

"भंगारांत दिली. हांवेंच."

"म्हणजे सखाराम त्या कॉम्प्युटरांत आसा काय ना?"

"ना काका."

काका सोप्यावर बसले. गोकुळदासने घुमट पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. माझ्यावर ते ओरडलेही नाहीत.

"माजे कानच गेल्ले तें बरें आसलें गो," ते म्हणाले. "सखाराम थंय भितर आसा, माकाच तो आयकूंक येना, अशें समजून हांव रोज येतालों."