फोटोचं सामान

निसारच्या सहा लाल नळकांड्यांनी कोल्हापुरात जेवढे कार्यक्रम पाहिले, तेवढे कुठल्या पुढाऱ्यानेही पाहिले नसतील. शिवजयंतीचे देखावे, गणपतीचे मंडप, चौकातले सत्कार, एकदा तर रस्ता अडवून भरवलेली कुत्र्यांची स्पर्धा. प्रत्येक ठिकाणी ती पहिल्या रांगेत उभी राहिली, फोटो काढून घेतला आणि भाषणं सुरू व्हायच्या आत निघून गेली. एवढं शहाणपण पाहुण्यांना कधी सुचलं नाही.

निसारचं दुकान गंगावेशीच्या अलीकडे. आग विझवायची नळकांडी भरून द्यायची, बिघडलेली दुरुस्त करायची, हा धंदा. रस्त्यावर मंडप घालायचा तर परवानगी लागते, आणि त्या कागदावर लिहिलेलं असतं की नळकांडी कार्यक्रम संपेपर्यंत जागेवर पाहिजेत, बंब आत येईल एवढा रस्ता मोकळा पाहिजे, चूल मंडपाच्या कापडापासून लांब पाहिजे. मंडळं हे सगळं नीट वाचतात. वाचून झालं की निसारला फोन करतात. परवानगी देणारे साहेब तपासायला यायच्या आधी अर्धा तास रिक्षातून नळकांडी येतात, साहेबांची पाठ फिरली की पुढच्या मंडळाकडे निघतात. पेठेत या व्यवहाराला सुटसुटीत नाव आहे – फोटोचं सामान.

आणि ती सहाच्या सहा रिकामी होती.

पहिल्या वर्षी ती भरलेली असायची. पण मिरवणुकीत पोरांनी गुलाल कमी पडला म्हणून पावडर उडवली, आणि निसारने विचार केला, फोटोत आतलं कुठं दिसतंय? रिकामं उचलायलाही सोपं. दाबाचा काटा शून्यावर दिसू नये म्हणून त्यावर ‘तपासले’ असा स्टिकर बसवला. तो स्टिकर खोटा नव्हता. तपासलं होतं, रिकामं निघालं होतं, एवढंच. अकरा वर्षं झाली, कुणाचं काही बिघडलं नाही. आणि ज्याचं अकरा वर्षं काही बिघडत नाही, त्याला माणूस रीत म्हणायला लागतो.

त्या गुरुवारी सामान चाफे गल्लीत गेलं. एप्रिलचं ऊन, सकाळचे दहा. रविवारी तालमीच्या संघाने फुटबॉलचा चषक मारला होता आणि गल्लीला आनंद आवरत नव्हता. खेळाडूंचा सत्कार, आणि दुपारी बाराशे माणसांना तांबडा-पांढरा रस्सा. गल्लीच्या तोंडाशी कप्तानाच्या चित्राची दोन मजली कमान, तिथून आतपर्यंत कापडी मंडप, आणि टोकाला आडवं स्टेज. गल्ली तिथंच संपायची. स्टेजमागे शिल्लक राहिलेल्या चार हातांच्या पट्टीत केरबा आचाऱ्याने गॅसच्या शेगड्या मांडल्या होत्या, म्हणजे धूर पाहुण्यांच्या डोळ्यांत जाणार नाही. त्या पट्टीत एकच दार उघडायचं. धोंडुबाईचं. घराला दुसरं दार नव्हतं.

निसार याच तालमीचा जुना गोलकीपर. मंडळाचा अध्यक्ष विजयसिंह त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण आवाज तिप्पट.

“निसारभाई, दोन स्टेजम्होरं, दोन कमानीला, दोन मागं केरबाजवळ. आनि ए, खुर्च्या घ्या रं मागं! सायबाला रस्ता दावायचा हाय!”

पोरांनी खुर्च्यांच्या दोन रांगा उचलून भिंतीला लावल्या. साहेब आले, मोकळा रस्ता पाहिला, टेप काढावी की नाही असा क्षणभर विचार केला, सरबत आलं आणि विचार राहिला. कमानीखालून बंब जाईल का, हे विचारायला ते वर बघू लागले, तेव्हा विजयसिंहाने त्यांना कप्तानाचं चित्र कुणी काढलं ते सांगितलं. शेगड्यांपाशी आल्यावर मात्र ते थबकले.

“स्वयंपाक इथे?”

“न्हाय न्हाय सायेब, हितं नुसतं गरम करायचं,” केरबा म्हणाला. त्याच्या पाठीमागे एकेका पातेल्यात चाळीस किलो मटण रटरटत होतं.

साहेबांनी शेजारची दोन लाल नळकांडी पाहिली आणि त्यांना बरं वाटलं. लाल रंग पाहिला की अधिकाऱ्याला बरं वाटतं. फोटो निघाला, सही झाली.

उंबऱ्यावर बसून धोंडुबाई हे सगळं बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, तोंडात मिश्री, जिभेवर कुणाची भीड नाही.

“निसार, हिकडं ये रं. ह्ये नळकांडं कशाचं?”

“आग इझवायचं, आज्जी.”

“मग ते सायबाला दावून काय करतोस? पेटलं तर सायेब येणार हाय का हितं? मला दाव. माझं दार कोंडलंय ह्या मुडद्यांनी.”

साहेब हसले. “दाखवा की हो आजींना. चांगलं आहे, नागरिकांना माहिती पाहिजे.”

निसार गुडघ्यावर बसला. अकरा वर्षांत ते कसं चालवायचं, हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं. “ही पिन वडायची, आज्जी. ह्ये तोंड आगीच्या बुडाला धरायचं, वर न्हाई, बुडाला. आनि मग दाबायचं.”

तिने ते एका हाताने उचललं. “हलकं हाय की रं!”

निसारने साहेबांकडे पाहिलं, विजयसिंहाकडे पाहिलं. “नव्या पद्धतीचं हाय, आज्जी,” तो म्हणाला.

“मग एकदा उडवून दाव.”

“आता नगं. पावडर वाया जाईल.”

“व्हय, ते बी खरं,” धोंडुबाई म्हणाली. वाया जाण्याचं कारण तिला लगेच पटलं. तिने आयुष्यात काही वाया घालवलं नव्हतं. तिने दोनदा-तीनदा पिनेला हात लावून पाहिला, तोंड शेगडीच्या बुडाकडे धरून पाहिलं. “पिन, बूड, दाब,” ती पुटपुटली.

साहेब गेले. खुर्च्यांच्या रांगा परत जागेवर आल्या. निसारने नळकांडी गोळा करायला घेतली. साडेअकराला शाहूपुरीत दुसरी तपासणी होती. पाच मिळाली. सहावं धोंडुबाईच्या मांडीवर होतं.

“आज्जी, द्या ते.”

“ह्ये हितंच ऱ्हाणार. मी हितंच बसतो त्येला घिऊन.”

“अवो, म्होरच्या मंडळाला द्यायचंय.”

“त्यांना पाच बास हायती. सांच्याला घिऊन जा.”

विजयसिंह हसला. “ऱ्हाऊ द्या की निसारभाई, म्हातारीला तेवढाच धीर. शाहूपुरीत कोन मोजतंय?”

निसार निघाला. रिक्षा बिंदू चौकापर्यंत गेली आणि मांडीवर नळकांडं घेऊन बसलेली म्हातारी त्याच्या डोळ्यांपुढं आली. नळकांडं नसतं, तर पेटल्यावर म्हातारी काय करेल? पळेल. शेजारच्या भिंतीवरून कुणीतरी तिला वर ओढून घेईल. आणि नळकांडं असलं, तर? तर ती थांबेल. पिन, बूड, दाब. आपण तिला आग विझवायला शिकवलं नाही, आगीपुढं थांबायला शिकवलं.

“रिक्षा फिरव,” तो म्हणाला. “दुकानाकडं.”

दुकानात नजीरा, त्याची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली होती. त्याने एक नळकांडं उघडलं, पावडर ओतायला घेतली.

“हे काय? शाहूपुरीला नव्हतं का जायचं?”

त्याने सांगितलं. नजीराने डबा खाली ठेवला आणि चाळणी धरली. “हलकं का म्हणून इचारलं तवा काय सांगितलंस?”

“नव्या पद्धतीचं.”

नजीराने पावडरीचा पुढचा डबा स्वतःच उचलला. पावडर भरली, दाब चढवला, काटा हिरव्यात आला. शाहूपुरीतून तीन फोन येऊन गेले. भरलेलं नळकांडं हातात घेतल्यावर निसारला त्याचं वजन नवीन वाटलं.

साडेबाराला रिक्षा गल्लीपासून लांबच अडकली. जेवायला आलेल्यांच्या दुचाक्या कमानीखाली दाटीने लावलेल्या. स्पीकरवर कप्तानाचं नाव पुकारलं जात होतं. तो उतरून चालू लागला आणि स्पीकर मध्येच बंद पडला.

मग माणसं आली. कमानीतून बाहेर एकदम, हातात रश्श्याचे द्रोण तसेच, कुणाच्या शर्टावर तांबडा सांडलेला. “पेटलं! मागं पेटलं!” उन्हाचा वारा सुटला होता आणि स्टेजमागचा पडदा शेगडीवर आला होता. पडद्यावरून कापड, कापडावरून छत.

निसार उलटा आत घुसला. खुर्च्यांच्या रांगा आडव्या पडल्या होत्या. सकाळी फोटोसाठी मोकळा झालेला रस्ता आता चार-चार खुर्च्यांनी भरला होता. छतातून जळतं कापड थेंबाथेंबाने गळत होतं. स्टेजशेजारी केरबा पालथा पडून खोकत होता.

“म्हातारी कुठाय?”

“मागंच! मी म्हनलं चला आज्जी, भिंतीवरनं चढवतो… तर म्हनली, तू जा, माझ्याकडं हाय.”

स्टेजच्या फळ्यांखालून, कोपरांवर सरपटत, नऊ-दहा किलोचं ओझं पुढं ढकलत निसार पलीकडे निघाला. धोंडुबाई उंबऱ्याच्या पुढं उभी होती. मागं नाही, पुढं. पिन काढलेली. तोंड बरोबर आगीच्या बुडाला धरलेलं, एक अंगुळही वर नाही. दोन्ही हातांनी ती दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. पडद्याचा जळता काठ तिच्या हातांवर आला होता, तरी सोडत नव्हती.

निसारने दाबलं. पांढरा लोट उठला, शेगड्या, पातेली, पडदा, म्हातारी, सगळं पांढरं झालं. पट्टीतली आग बसली. छताची नाही बसली. ती विझवायला बंब आला होता, आणि बंब कमानीबाहेर उभा होता. कप्तानाचे पाय कापून कमान उतरवायला पंधरा मिनिटं गेली.

माणूस गेला नाही, हे नशीब. धोंडुबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजून गेले.

तिसऱ्या दिवशी विजयसिंह दवाखान्यात निसारला भेटला. विजयसिंह वाईट माणूस नव्हता. अवघड होतं ते तेच. म्हातारीला खांद्यावर टाकून त्यानेच बाहेर आणलं होतं, दोन रात्री तो तिच्या खाटेशेजारी बसला होता. आता त्याच्या खिशात टाइप केलेला कागद होता.

“निसारभाई, चौकशी लागलीया. सायेब बी अडकतोय, तुमी बी, मी बी. मंडळाचं नाव हाय. एवढं एकच वाक्य हाय बगा.”

निसारने वाचलं. ‘जागेवर अग्निशमन यंत्र सुस्थितीत उपलब्ध होते, तथापि वयोमानामुळे सदर वृद्धेस ते चालवता आले नाही.’

“कुनाचं काय जातंय?” विजयसिंह हळू म्हणाला. “आज्जी सोताच तसं म्हनतीया.”

ते खरं होतं. धोंडुबाईने डोळे उघडले, निसारला पाहिलं. हात कापसाच्या गाठोड्यासारखे छातीवर ठेवलेले.

“आलास व्हय? मी दाबलं रं निसार. तू सांगितलंस तसंच, बुडाला. पर हातात जोर न्हाई ऱ्हायला. मसाला वाटून वाटून सरला समदा. एखाद्या पोरानं दाबलं असतं तर इझलं असतं.”

विजयसिंहाने पेन पुढं केलं. खोलीत नर्स होती, केरबा होता, पलीकडच्या खाटेजवळचे पाहुणे होते. निसारने पेन घेतलं नाही.

“आज्जी,” तो म्हणाला, “तुमच्या हातात जोर हुता.”

“निसारभाई…” विजयसिंह म्हणाला.

“जोर हुता. त्या नळकांड्यात काय नव्हतं. रिकामं हुतं. सहा बी रिकामी हुती. अकरा वर्सं मी रिकामीच फिरवतोय.”

धोंडुबाई त्याच्याकडे बघत राहिली. ती शिवी देईल म्हणून निसारने मान खाली घातली. शिवी आली असती तर त्याला पेलता आली असती.

“मग तू मला शिकवलंस कशाला रं?” तिने विचारलं.

निसारने कागद विजयसिंहाच्या खिशात परत ठेवला आणि तिथून चालत चौकशीच्या कचेरीत जाऊन आपला जबाब स्वतः लिहून दिला. रिकामी नळकांडी, स्टिकर, मागे-पुढे होणाऱ्या खुर्च्या, कमान, मागची शेगडी. पहिल्या ओळीत स्वतःचं नाव, मग बाकीच्यांची.

गल्लीत काहीजण त्याच्याशी बोलत नाहीत. पुढच्या महिन्यात एका मंडळाचा फोन आला, फोटोचं सामान पाहिजे म्हणून. निसार म्हणाला, “भरलेली मिळतील. कार्यक्रम संपेपर्यंत हलणार न्हाईत, मी बी तिथंच बसणार. आनि आधी कमान उतरवा, मग बोलू.” पलीकडून हसण्याचा आवाज आला. त्या मंडळाने दुसरीकडून सामान आणलं. परवानगीही मिळाली. फोटो छान आला.

तुमच्या गल्लीत मंडप पडेल तेव्हा जेवायच्या आधी एक काम करा. कोपऱ्यातलं लाल नळकांडं एका हाताने उचलून बघा. जड लागलं तर निवांत बसा. हलकं लागलं, तर पत्रावळ खाली ठेवा आणि स्टेजच्या मागच्या घरात कोण राहतं, ते विचारा.