पायाखालचा कागद

आपल्या स्कीच्या दुकानात आस्लाकने कागदाचा तुकडा टोरुनच्या उजव्या स्कीखाली, बरोबर पावलाच्या जागी सरकवला आणि गुडघ्यांवर बसूनच म्हणाला, "आता सगळा भार उजव्या पायावर. डावा उचल."

टोरुनने डावा पाय उचलला. आस्लाकने कागद ओढला. तो अडकायला हवा होता, पण अलगद बाहेर आला.

"नीट उभी राहा की," काउंटरजवळून हाल्वर म्हणाला.

"नीटच उभी आहे."

हाल्वरला सकाळपासून चैन नव्हते. बूट स्कीला जखडणारे एक बाइंडिंग काउंटरवरून उचलून तो त्याचा चाप उघडत होता, मिटत होता. ईस्टर बारा दिवसांवर आला होता. चौतीस वर्षे ती दोघे नवरा-बायको दर ईस्टरला पठार ओलांडून पलीकडे जात; तीन दिवसांची वाट, मध्ये दोन मुक्काम. गेल्या वर्षी शेवटच्या उतारावर टोरुनची स्की दगडावर आपटून मोडली होती, म्हणून ही खरेदी. त्यातही तिने तीन आठवडे आज-उद्या केले होते, आणि आज त्याने तिला जवळजवळ ओढतच आणले होते.

"वजन किती म्हणालीस?" आस्लाकने विचारले.

"अडुसष्ट."

"अडुसष्टच," हाल्वर म्हणाला. "लग्नात साठ होती. बाकीची आठ माझ्या हातच्या गोड वाफलांची."

आस्लाक नेहमी अशा बोलण्यावर हसे. आज हसला नाही. गावातली निम्मी माणसे त्याला वजन कमी करून सांगत आणि तो मनातल्या मनात चार किलो मिळवून स्की काढी. वाढवून सांगणारे त्याला अजून कोणी भेटले नव्हते.

त्याने जरा मऊ जोडी आणली. पुन्हा कागद, पुन्हा डावा पाय वर, आणि पुन्हा कागद त्याच्या हातात.

"तुझा कागदच गुळगुळीत असेल," हाल्वर म्हणाला.

"कागद चाळीस वर्षं हाच आहे. स्की पावलाखाली बर्फाला टेकली नाही, तर चढावर ती मागे घसरत राहील. मग तूच मला शिव्या देशील."

"शिव्या तर मी तुला बाइंडिंगवरूनच देणार आहे. तिला ते नवं हलकं दाखवू नकोस. आपलं जुनं तीन खिळ्यांचं बरं. मोडलं तर तारेनं बांधून घरी येता येतं."

"हलकं तिला सोपं पडेल."

"का? ती काय म्हातारी झाली?"

आस्लाकने मऊ जोडी भिंतीला टेकवली. तो तिसरी जोडी घेऊन आला. या वेळी मात्र कागद अडकला. त्याने दोनदा ओढून पाहिला, हलला नाही.

"ही बसली," असे म्हणत त्याने स्कीच्या कडेला छापलेले आकडे वाचले. "छप्पन्न किलोच्या..." आणि तो तिथेच थांबला. मग खोकला, म्हणाला, "कॉफी टाकतो," आणि मागच्या खोलीत निघून गेला.

हाल्वरच्या हातातला चाप अर्धवट उघडा राहिला. त्याने टोरुनकडे पाहिले. खरे तर या हिवाळ्यात पहिल्यांदाच नीट पाहिले. जाड स्वेटरच्या बाह्या तिने दोनदा दुमडल्या होत्या. हाच स्वेटर तिला गेल्या वर्षी घट्ट होत होता. घरचा म्हातारा कुत्रा नाताळापासून गुबगुबीत होत चालला होता, आणि हाल्वर रोज त्या बिचाऱ्यालाच खादाड म्हणत होता. टेबलाखाली कोणाचे पाव जात होते, ते त्याला आत्ता कळले.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"नाताळाच्या आधीपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी ईस्टर रद्द केला असतास."

ते खरेच होते, म्हणून त्याला जास्त राग आला.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तपासण्या झाल्यात. गुरुवारी दहा वाजता सांगतील."

"गुरुवारी तर तू त्या तुझ्या मैत्रिणीकडे, बोर्गहिलकडे जेवायला जाणार होतीस."

"बोर्गहिलला सांगितलंय, तुझ्याबरोबर शहरात जातेय म्हणून."

एरवी तो यावर पोट धरून हसला असता. आता त्याला फक्त भीती वाटत होती, चौतीस वर्षांत कुठल्याच कड्यावर वाटली नव्हती एवढी. ईस्टर राहू दे, घरी बसू, हे शब्द त्याच्या अगदी ओठांवर आले होते. टोरुन स्कीवरून उतरली आणि भिंतीला टेकलेल्या पहिल्या, कडक जोडीवर तिने हात ठेवला.

"हीच घेऊ या," ती म्हणाली. "मी अंगानं भरेन परत. उगीच मऊ कशाला?"

"चढावर मागे घसरशील."

"घसरेन थोडी."

"नाही," हाल्वर म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. तो त्याने खाली आणला. "मऊ घे. यंदा पठार तुला याच वजनानं चढायचंय."

टोरुन त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने कडक जोडीवरचा हात काढला.

आस्लाक कॉफीचे तीन पेले घेऊन आला. कोणाच्याच तोंडाकडे न बघता त्याने विचारले, "मग? कुठली?"

"ही शेवटची," हाल्वर म्हणाला.

"आणि वर तीन खिळ्यांचं," आस्लाक म्हणाला.

"हलकं लाव."

आस्लाकने मान वर केली. "कोण बोलतंय हे?"

"हलकं म्हणालो ना. आणि यंदा तिची सॅक माझ्या पाठीवर."

"अर्धी," टोरुन म्हणाली.

"बघू."

आस्लाकने कानामागची पेन्सिल काढून स्कीवर खूण केली. "गुरुवारी सकाळी तयार ठेवतो. घेऊन जा."

"गुरुवारी मला जमणार नाही," टोरुन म्हणाली.

"आम्हाला दोघांनाही नाही," हाल्वर म्हणाला. "शुक्रवारी येतो."

त्याने हातातले बाइंडिंग काउंटरवर ठेवले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला खाली बसला.