खाडामाफीचं हाड

फौंड्रीला माणसं पुरवणाऱ्या त्या एजन्सीचा नियम साधा होता. तीन खाडे झाले की कार्ड फाडायचं. कार्ड फाटलेल्या माणसाला मग अख्ख्या एमआयडीसीत कुणी झाडू मारायलाही घेत नसे. आजी वारली, घरात नाग शिरला, कशालाच माफी नाही. माफी फक्त मोडलेल्या हाडाला. तेही त्याच दिवशी सुपरवायझर सोमेशअण्णाला दाखवायचं. अण्णा दोन बोटांनी दाबणार, माणूस कळवळला तरच कार्डावर सही.

लग्नसराईत गेटबाहेर हाडं मोडून घेण्याचा असा कडकडाट चाले, की रस्त्यावरची माणसं गुऱ्हाळ सुरू झालं समजून काकवीला भांडी घेऊन येत. मी स्वतः तांब्या नेला होता.

बाळासोचे दोन खाडे झाले होते. हा शिवाजी पेठेचा गोलकीपर, आणि फायनल नेमकी गुरुवारी चारला, त्याच्या दुसऱ्या पाळीत. कार्ड गेलं तर चूल बंद. मॅच सोडली तर पेठेत राहायची सोय नाही.

गुरुवारी दुपारी दोनला त्यानं पहिली पाळी करून निघालेल्या तानाबाईला गाठलं. ही बाई साचे फोडायचा घण एका हातानं चालवायची.

"मावशे, एक हाड मोड की."

"कुठलं?"

"तिथंच अडलंय. हात लागतोय, पाय लागतोय."

"मग मान मोडू?"

"बरगडी बघ."

पहिल्या घावाला घणाचा दांडा तुटला. दुसरा घण आणला, त्यानं बाळासोच्या पाठीमागची भिंत पडली, बरगडी तशीच. मग तानाबाई वीस पावलं मागं गेली आणि डोकं खाली घालून रेड्यासारखी धावत आली. आवाज पार आजऱ्यापर्यंत गेला म्हणतात. बाळासोच्या तोंडातून रक्त आलं.

"मोडली का रं?"

"मोडली वाटतंय. श्वास घेतला की आत वाजतंय."

गेटवर अण्णा नव्हता. वॉचमन रुद्रय्या म्हणाला, "पोट दुखतंय म्हणून गेला. झेंडा घेऊन."

बाळासो मैदानावर पोचला, तर अण्णा समोरच्या टीमच्या गर्दीत, तोंडाला रंग फासून बसलेला.

"अण्णा, बरगडी दाबा आणि सही करा."

"इथं सही केली तर मी इथं हुतो हे कळतंय की. माझं बी दोन खाडं झाल्यात."

"तुम्हाला बी नियम हाय?"

"मी बी एजन्सीचाच की रं."

बाळासोला खरंच वाईट वाटलं. "मग तुमचं बी माफ करून टाकू. हात राहू दे, सहीला लागतोय."

"बाळासो, पाया पडतो."

"पायच घेतो मग."

त्यानं अर्ध्या मैदानापार चेंडू धाडायची लाथ अण्णाच्या नडगीवर घातली. नडगी उसाच्या कांड्यासारखी मोडली. आपल्या माणसाला मारलं म्हणून गर्दी उठली, मग पेठेची उठली. खुर्च्या, बांबू, गोलचा खांब, हाताला येईल ते चाललं. दात तर इतके पडले, की माणसं त्यावरून घसरून पडत होती.

धूळ बसली तेव्हा निम्मी एमआयडीसी कार्डं हातात घेऊन अण्णापुढं रांगेला होती. अण्णा आडवा पडल्या पडल्या एकेकाला दाबत होता, माणूस ओरडला की सही करत होता. पहिली सही बाळासोची.

मॅच मात्र रद्द झाली. आता पुढच्या गुरुवारी, चारलाच.

बाळासोनं कार्ड खिशात घातलं आणि दुसऱ्या बाजूच्या बरगड्या चाचपायला लागला.