दुखरी जागा

अंगठाबाईचा नियम एकच होता, आणि तो तिने घराच्या पुढच्या खोलीत, पावलाच्या रंगीत नकाशाखाली स्वतःच्या हाताने लिहून चिकटवला होता: जिथे दुखतं, तिथे दोष. नकाशात तळपायाचे चाळीस तुकडे पाडलेले. अंगठ्यात डोकं, चवड्यात छाती, मधे पोट, टाचेत कंबर. गिऱ्हाईक खुर्चीत रेलून बसलं की ती आधी त्याचे पाय दहा मिनिटं गार पाण्याच्या टबात बुडवून ठेवायची, टॉवेलने टिपायची, बोटांच्या बेचक्यांत पावडर घालायची आणि मग श्वास रोखून एकेक ठिकाण दाबत जायची. "इथे दुखतं? इथे?" गिऱ्हाईक ओरडलं की तिला मनापासून आनंद व्हायचा. सापडला चोर! मग त्या जागेवर ती असा काही अंगठा रोवायची की समोरचा माणूस खुर्चीचे हात उपटायला निघायचा.

उन्हाळा हा तिचा हंगाम. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय बुटात मावेनासे होतात ते सगळे तिच्याकडे यायचे; नर्सा, वॉचमन, कापडदुकानातल्या मुली. सगळ्यांना ती एकच उदाहरण द्यायची, नवऱ्याचं. नवरा वाहतूक पोलीस. सोळा वर्षं चौकात, डांबर पाघळतं तिथे, जाड काळ्या बुटांत उभा.

"लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी नुसतं बोट लावलं तरी आमचे हवालदार अख्खी गल्ली गोळा करायचे," ती सांगायची. "आणि यंदा? कुठेही दाबा, ब्र काढत नाहीत. एक दुखरी जागा उरली नाही माणसात. आता बोला!"

हवालदार आतल्या खोलीत चहा पीत असले तर तिथूनच दुजोरा द्यायचे, "खरंय हो! कापसावरून चालल्यासारखं वाटतं."

बाईची छाती फुगायची. कापूस! एवढ्या उन्हात, एवढ्या डांबरावर कापूस. हाताला गुण असावा तर असा.

मंगळवारी संध्याकाळी हवालदार ड्यूटीवरून आले, पाय टबात बुडवून बसले, आणि कुठला मंत्री कसा चौकात अडकला याची गोष्ट रंगवून सांगू लागले. बाईने डावा पाय मांडीवर घेतला. चवड्यावर, करंगळीच्या खाली, घट्ट्यात एक काळा ठिपका होता. डांबर असेल म्हणून तिने त्यावरच अंगठा दाबला आणि तीच ओरडली. तिच्या अंगठ्यातून रक्त आलं होतं.

ती तार होती. फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर पडतात तशी, बारीक, गंजलेली. बुटाचा तळ भेदून आत शिरलेली आणि आतच तुटलेली. बाईने चिमट्याने ओढली तर बोटाच्या पेराएवढी निघाली. मागोमाग पिवळट थेंब आला.

"कधी घुसली ही?"

"काय घुसली?" हवालदार म्हणाले. मंत्री अजून चौकातच अडकलेला होता.

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तारेचा तुकडा तिने त्यांच्यासमोर धरला. तो त्यांच्या पायातून निघालाय हे त्यांना कळायला वेळ लागला. मग तिने टाच दाबली, चवडा दाबला, अंगठा दाबला. सगळी ताकद लावून दाबला. सोळा वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर "नाही" यावं म्हणून ती धडपडली, तोच प्रश्न ती आता उलट्या आशेने विचारत होती.

"इथे दुखतंय? अहो, दुखतंय म्हणा ना! इथे?"

हवालदारांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. रोज हजार गाड्यांच्या काचांमागचे चेहरे वाचणारा माणूस तो.

"हो," ते म्हणाले. "दुखतंय की."

"आणि इथे?"

"आई गं! हळू, बाई! माणूस आहे मी."

तिचा जीव भांड्यात पडला. ती हसली, रडली, जखम धुतली, मलम लावून पट्टी बांधली. दवाखान्यात जाऊ या का, असं तिने एकदा विचारलं. एवढ्याशा तारेसाठी कशाला, म्हणाले. बाईनेही फार ओढून धरलं नाही. दुखत होतं ना, मग पाय जिवंत होता. शिवाय नर्सांसमोर, दुकानातल्या मुलींसमोर ज्या पायाचे गोडवे गायले, तोच पाय डॉक्टरसमोर कसा ठेवायचा, हेही मनात कुठेतरी होतंच. ती नंतर स्वतःला शिव्या देणार होती ती याच गोष्टीसाठी.

चार दिवस रोज ती पट्टी बदलायची आणि दाबून विचारायची. चार दिवस हवालदार नेमके ओरडायचे. पाचव्या दिवशी सकाळी बूट चढेना. पाऊल घोट्यापर्यंत लालभडक झालेलं, करंगळी काळपट, आणि कितीही पावडर मारली तरी वास लपेना.

हॉस्पिटलमधली डॉक्टर तरुण होती आणि थकलेली. तिने रक्त तपासायला पाठवलं, जखमेत सळई घालून पाहिली. सळई बरीच आत गेली. हवालदार छताचा पंखा बघत होते.

"साखर चारशेच्या वर आहे," ती म्हणाली. "कधी तपासली होती?"

"मला काय धाड भरलीय?" हवालदार म्हणाले.

"चालताना कापसावर चालल्यासारखं वाटायचं का?"

बाईने पदर तोंडात धरला. हेच शब्द ती चार महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने ऐकवत होती. जिथे दुखतं तिथे दोष, एवढंच तिने शिकून ठेवलं होतं. जिथे काहीच दुखत नाही तिथे काय, हे त्या नकाशात कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"आज दुपारीच पाय उघडावा लागेल," डॉक्टर म्हणाली. "बोट जाईल, पाऊल जाईल की त्याहून जास्त, ते आत काय दिसतंय त्यावर ठरेल. चार दिवस आधी आला असतात तर..." ती थांबली. "पाय उघडण्याआधी त्यात जाणीव किती उरलीय ते बघू. जाणीव असेल तर पुढे पाय सांभाळता येतो. नसेल तर आज वाचलेल्या पायाचाही उद्या भरवसा नाही."

तिने नायलॉनचा ताठ धागा काढला. "डोळे मिटा. नऊ ठिकाणी हा टेकवते, पायाला लागलं की हो म्हणा."

बाई खाटेच्या डोक्याशी, नवऱ्याच्या कानाजवळ उभी होती. एकदा तरी, ती मनात म्हणत होती. नऊ ठिकाणांपैकी एका ठिकाणी तरी खरं लागू दे. माझे हात घे, धंदा घे, पण एकदा लागू दे.

धागा अंगठ्याला टेकला.

"हो," हवालदार म्हणाले.

चवड्याला टेकला. "हो." टाचेला टेकला. "हो."

बाईला रडू फुटायच्या बेतात होतं. डॉक्टरच्या कपाळावर मात्र आठी होती. तिने पुन्हा हात खाली नेला आणि धागा पावलापासून बोटभर अंतरावर हवेतच धरला.

"हो," हवालदार म्हणाले.

बाईने रोखलेला श्वास सुटला आणि त्याच क्षणी तिला सगळं कळलं. दाबायच्या आधी ती श्वास रोखते. सोळा वर्षं रोखत आली होती. घरी चार दिवस हा माणूस त्यावरूनच ओरडत होता, आणि इथेही, धागा खाली गेला की तिचा श्वास थांबत होता आणि यांचा "हो" येत होता.

"डॉक्टर, ते खोटं बोलताहेत," ती म्हणाली. "माझ्यासाठी बोलताहेत. त्यांना काही लागत नाहीये. मी बाहेर जाते, तुम्ही परत बघा."

"अगं, बस ना इथेच," हवालदार डोळे मिटूनच म्हणाले.

ती बाहेर आली. मागे पडदा ओढला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तोंडावर दोन्ही हात दाबून धरले, श्वासाचा आवाज आत जाऊ नये म्हणून. तिचेच दोन अंगठे तिच्या गालांत रुतत होते आणि दुखत होते.

"आता?" आतून डॉक्टरचा आवाज आला.

उत्तर नाही.

"आता? बरं, आता?"

बाई मोजत होती. सहा झाले. सात. आठ. नऊ. मग खाट करकरली.

"अगं, आत ये ना," हवालदार म्हणाले. भर चौकात कधी फुटला नव्हता तसा त्यांचा आवाज फुटला होता. "तू बाहेर गेलीस की मला काहीच कळत नाही."