टेलिफोनशेजारची भिंत

सकाळी घरच्या देवांना धूप दाखवून, रिवाजाप्रमाणे सरत्या वर्षाचा हिशेब द्यायला वर स्वर्गात पाठवलं आणि देव घराबाहेर पडताच य्वे-श्यानं भिंतींच्या सफाईला हात घातला. चांद्र नववर्षाला सहा दिवस उरले होते आणि नणंद सहकुटुंब यायची होती. खाली सायकलच्या हॅंडलचे ओरखडे, दिव्यांच्या बटणांभोवती बोटांची मेणचट वर्तुळं, सोफ्यामागे नवऱ्याच्या डोक्याचा तेलकट डाग, आणि सगळीकडे सासऱ्यांनी तळहातानं चिरडलेल्या डासांचे ठिपके. सोड्याची पेस्ट आणि जुना टूथब्रश घेऊन ती घासत सुटली. नवरा, बिंग-हुआंग, मदतीला म्हणून भिंतीला टेकून उभा होता, आणि जिथं टेकत होता तिथं नवा डाग पडत होता.

“तू बाजारात जा,” ती म्हणाली. “मासे आण, काहीही आण, पण जा.”

टेलिफोनशेजारचा भाग तिनं शेवटी घेतला. तिथं आपांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गेली तीस वर्षं पेन्सिलीनं नंबर लिहून ठेवले होते. तिनं तीन वह्या आणून दिल्या होत्या. “वही हरवते. भिंत कुठं जाते?” असं म्हणून त्यांनी तिन्हींत भाजीच्या बिया ठेवल्या होत्या. आज आपा देवळात गप्पा मारायला गेले होते. तिनं अर्धा तास खोडरबर चालवलं, वरून स्पंज फिरवला. भिंत तांदळाच्या पिठासारखी झाली.

दुपारी आपा आले, टेलिफोनपुढं खुर्ची ओढून बसले, चष्मा लावला आणि भिंतीकडे बघत राहिले.

“आखुन कुठं गेला?”

“कोण आखुन?”

“ताइतुंगचा. साखर कारखान्याच्या आगगाडीवर माझ्याबरोबर होता. दर वर्षी देव वर गेले की आम्ही बोलतो.”

“नंबर पाठ नाही तुम्हाला?”

“भिंतीवर होता. पाठ कशाला करू?”

“मग ते करतील की फोन.”

“तो करत नाही. मी करतो.”

“का पण?”

“तसं ठरलंय.”

तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं, पण भिंत नुकतीच पुसलेली होती. आपांनी आवाज चढवला असता तर तिलाही चढवता आला असता. पण तिनं समोर आणून ठेवलेल्या रश्शातल्या शेवया गार होऊन फुगल्या, तरी त्यांनी खायच्या काड्या उचलल्या नाहीत.

शेवटी य्वे-श्या टॉर्च घेऊन आली. प्रकाश तिरका धरला तर रंगात बारीक खळगे दिसत होते. आपा पेन्सिल दाबून लिहीत, हे एक बरं होतं. तिनं पेन्सिल आडवी धरली आणि आत्ता घासलेल्या त्याच भिंतीवर दात-ओठ खात शिसं फिरवायला सुरुवात केली. काळ्यावर पांढरे आकडे उठू लागले. गॅसवाला निघाला, न्हावी निघाला, वारलेले मामा निघाले. बशीएवढा काळा डाग परातीएवढा झाला तेव्हा आखुन निघाला.

तेवढ्यात बिंग-हुआंग मासे घेऊन दारात आला. “इथं पुसलंच नाहीस?” त्यानं विचारलं. तिनं नुसतं बघितलं. तो मासे घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेला.

शेवटचा आकडा नीट उठला नव्हता. एक, सात किंवा नऊ. एकवर कुणी उचललं नाही. सातवर एका बाईनं, विमा नको म्हणून सांगितलंय ना, असं झापलं. नऊवर बराच वेळ घंटी वाजली आणि मग खरखरीत आवाज आला, “इतका उशीर? मला वाटलं, मेलास.”

य्वे-श्यानं रिसीव्हर आपांच्या हातात दिला. ते चाळीस मिनिटं बोलले. बोलले म्हणजे काय, गुडघा, पाऊस आणि कुठल्याशा इंजिनाची शिट्टी. दोघांनाही कमी ऐकू येत असल्यामुळं प्रत्येक गोष्ट दोनदा. बोलता बोलता आपांनी डाव्या हातानं शेवयांचा वाडगा जवळ ओढला.

ती तोवर तांदळाच्या दुकानाचं मोठं कॅलेंडर आणि खिळा शोधून आली होती.

“नंबर झाकले जातील,” फोन ठेवून आपा म्हणाले.

“उचलून बघा,” ती म्हणाली, आणि त्यांचा हात पोचेल इतक्या खाली तिनं खिळा ठोकला.